धक्का लागला की मारला?

सकाळी सात ते नऊच्या दरम्यान विरार स्थानकात किती भांडणं होतात, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. ठेवली असती, तर बहुतेक भांडणांचं पहिलं वाक्य एकच निघालं असतं.

"ओ, धक्का काय मारता?"

"मारला नाही, लागला."

"लागला? दिसत नाही का?"

"एवढा त्रास होतो तर टॅक्सीने जा ना!"

टॅक्सीचा उल्लेख झाला की पुढचं सगळं ठरलेलं. आवाज चढतो, कोणीतरी कॉलरला हात घालतो, दोन-चार जण मध्ये पडतात आणि तेवढ्यात गाडी नालासोपाऱ्यात शिरते. तिथे नवा लोंढा आत घुसतो आणि आधीच्या भांडणाला जागाच उरत नाही.

या संवादातली खरी मेख दोन क्रियापदांत आहे. धक्का लागतो तेव्हा तो कोणी दिलेला नसतो, तो घडतो. धक्का मारला जातो तेव्हा त्यामागे एक माणूस असतो आणि त्या माणसाचा हेतू असतो. मराठीने हा फरक एका शब्दात सांगून टाकला आहे. पण चालत्या लोकलमध्ये, पाठीवर कोपर टेकलेलं असताना, हा फरक करायचा कोणी आणि कसा? मेंदूविज्ञान आणि मानसशास्त्र या दोन्ही शाखांनी या साध्या प्रश्नावर बरंच काम केलं आहे आणि त्यातून निघालेली उत्तरं विरारकरांच्या रोजच्या अनुभवाला चांगलीच लागू पडतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2003 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. सुखविंदर शेरगिल, डॅनियल वोलपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या जोड्या घेतल्या. एका यंत्राच्या साह्याने दोघांनी आलटून पालटून एकमेकांच्या बोटावर दाब द्यायचा. प्रत्येकाला सूचना एकच होती: तुमच्या बोटावर जेवढा दाब आला, तेवढाच समोरच्याला परत द्या. जास्त नाही, कमी नाही. समोरच्याला काय सांगितलं आहे, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं.

नियम पाळला गेला असता तर दाब शेवटपर्यंत तेवढाच राहायला हवा होता. प्रत्यक्षात तो प्रत्येक पाळीला सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला. हाच वेग कायम राहतो असं धरून हिशेब केला, तर चार पाळ्यांत दाब साडेतीन पटींच्या पुढे जातो आणि आठ पाळ्यांत तेरा पटींच्या. आणि विचारलं तर दोघंही प्रामाणिकपणे सांगणार, की मी जेवढं मिळालं तेवढंच परत दिलं, वाढवलं ते समोरच्याने.

यात लबाडी कोणाचीच नाही. आपण स्वतः एखादी हालचाल करतो तेव्हा तिच्यातून काय जाणवणार आहे, याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो आणि तेवढी जाणीव तो सौम्य करून टाकतो. म्हणूनच स्वतःला कितीही गुदगुल्या केल्या तरी हसू येत नाही. बाहेरून आलेल्या स्पर्शाचा असा अंदाज बांधता येत नसल्याने तो पूर्ण जोराने जाणवतो. थोडक्यात, आपण दिलेला धक्का आपल्याला हलका वाटतो आणि आपल्याला बसलेला जोरदार. "मी नुसता हात लावला, त्याने तर ढकललंच," असं सांगणारे दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. शाळेच्या बाकावरच्या मुलांपासून सीमेवरच्या सैन्यापर्यंत हे तत्त्व ताणू नये, ते बोटांच्या प्रयोगातून निघालेलं आहे. पण लोकलच्या दारातल्या कोपरांना ते लागू करायला फारसं ताणावं लागत नाही.

मारला की लागला, याचा निवाडाही मेंदू निःपक्षपातीपणे करत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी 1980 च्या सुमारास शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासांत दिसलं, की एखादी गोष्ट मुद्दाम झाली की चुकून, हे स्पष्ट नसेल, तेव्हा आक्रमक स्वभावाची मुलं 'मुद्दामच केलं' हा निष्कर्ष चटकन काढतात. मोठ्यांमध्येही हा कल आढळतो. लोकलमधला धक्का तर नेहमीच संदिग्ध असतो. तो मागच्याने दिला, की मागच्याच्या मागच्याने, की मोटरमनने लावलेल्या ब्रेकने, हे ज्याच्या पाठीला तो लागतो त्याला कळायचा मार्गच नसतो. मान वळवायलाही जागा नसते.

आता थोडं या गर्दीविषयी. चर्चगेट ते विरार हे अंतर 60 किलोमीटर आहे आणि जलद लोकललाही ते कापायला सव्वा तासाच्या पुढे वेळ लागतो. 1867 साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी सुटली, तेव्हा दिवसाला एकच फेरी होती. वसई-विरार महापालिका 2009 साली स्थापन झाली आणि 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या पुढे गेली होती. त्यानंतर नालासोपारा पूर्वेला आणि विरारच्या दोन्ही बाजूंना किती इमारती उभ्या राहिल्या, हे गाडीच्या खिडकीतूनही दिसतं. यातल्या कामकरी माणसांचा मोठा भाग रोज त्याच रुळांवरून मुंबईत जातो. लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी राहतात, तेव्हा रेल्वेच्या भाषेत त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. एक चौरस मीटर म्हणजे घरातल्या कॅरम बोर्डापेक्षा थोडी मोठी जागा.

माणसाला आपल्या भोवती थोडी मोकळी जागा लागते. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने 1966 साली लिहिलेल्या पुस्तकात साधारण दीड फुटाच्या आतलं अंतर हे फक्त अगदी जवळच्या माणसांसाठी राखलेलं असतं, असं मांडलं. ही मर्यादा सांभाळण्यात मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या अमिग्डला या भागाचा मोठा वाटा असतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2009 साली अशा एका स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला, जिचा अमिग्डला दोन्ही बाजूंनी निकामी झालेला होता. अनोळखी माणूस नाकाला नाक लागेल इतका जवळ उभा राहिला तरी तिला अवघडल्यासारखं होत नव्हतं. भीती आणि धोका ओळखणाराही हाच भाग आहे. विरार लोकलमध्ये तो सव्वा तास सतत जागा असतो.

मग गर्दी म्हणजे भांडण, असं सरळ समीकरण मांडायचं का? अनेक वर्षं तसंच मांडलं जात होतं. जॉन कॅल्हून यांनी 1962 साली उंदरांच्या दाटीचे प्रयोग प्रसिद्ध केले. खायला-प्यायला भरपूर, पण जागा मर्यादित. त्यात उंदीर एकमेकांना चावू लागले, माद्या पिलांना टाकू लागल्या. हे चित्र इतकं गाजलं, की शहरांवर लिहिणारा प्रत्येक जण ते वापरू लागला. मुंबईवरही ते अनेकदा चिकटवलं गेलं. पण माणसांवरच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही. जोनाथन फ्रीडमन यांनी सत्तरच्या दशकात माणसांना छोट्या खोल्यांत दाटीवाटीने बसवून पाहिलं आणि ते अशा निष्कर्षाला आले, की गर्दी स्वतः माणसाला वाईट करत नाही. जे आधीच आहे ते ती वाढवते. मजा असेल तर मजा वाढते, वैताग असेल तर वैताग.

न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने कामावर जाणाऱ्या 139 प्रवाशांचा अभ्यास गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी 2007 साली प्रसिद्ध केला. लाळेतलं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक त्यांनी मोजलं. डबा एकूण किती भरलेला आहे, याचा तणावाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आपल्या बाकावर, आपल्या अगदी शेजारी किती दाटी आहे याच्याशी. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेल्या माणसाला हे सांगायला संशोधक लागत नाही, हा भाग वेगळा.

दुसरा मुद्दा ताब्याचा. ड्रू शेरॉड यांच्या 1974 सालच्या प्रयोगात गर्दीच्या खोलीत बसलेल्या काहींना सांगितलं होतं, की असह्य झालं तर तुम्ही बाहेर जाऊ शकता. हा पर्याय हाती असलेल्यांनी नंतर अवघड कोडी जास्त चिकाटीने सोडवली. बॅरी रूबॅक आणि जनक पांडे यांनी तर 1992 साली भारतातल्या टेम्पोमधल्या प्रवाशांचाच अभ्यास प्रसिद्ध केला. टेम्पो म्हणजे उत्तरेकडची तीनचाकी सवारी गाडी. आपल्याकडच्या सामानाच्या टेम्पोशी गल्लत नको. उकाडा आणि दाटी एकत्र आल्यावर माणसाला परिस्थिती आपल्या हातात आहे असं किती वाटतं, हा त्यातला महत्त्वाचा धागा होता. आता गाडी येता येता फलाट बदलल्याची घोषणा होते, तेव्हा जिन्यावर जे होतं ते आठवून पाहावं. त्या दोन मिनिटांत माणसांची संख्या वाढलेली नसते, हातातला ताबा तेवढा सुटलेला असतो.

विरारच्या भांडणांना याहून मोठं कारण मात्र आहे: आपले आणि परके. सकाळी विरारहून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळावं म्हणून नालासोपारा-वसईची माणसं आधी उलट्या गाडीने विरारला येतात आणि गाडीत बसूनच राहतात. फलाटावर अर्धा तास उभ्या असलेल्या विरारकराला हे 'रिटर्न'वाले चोर वाटतात. संध्याकाळी हाच विरारकर दादरला डब्यात शिरतो आणि बोरिवलीला उतरणारा माणूस या गाडीत चढलाच कशाला, म्हणून दार अडवतो. उपनगरी सेवा 2013 साली डहाणू रोडपर्यंत गेल्यावर सफाळे-पालघरच्या प्रवाशांना तोच विरारकर परका झाला. स्थानक बदललं की चोर बदलतो. हेन्री ताशफेल यांनी 1970 च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना निव्वळ क्षुल्लक कारणावरून दोन गटांत वाटलं होतं. एवढ्यावरच मुलं आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली. इथे तर कारण चांगलं ठणठणीत आहे: सव्वा तास बसून जायचं की उभ्याने.

आपल्या साहित्याला ही गोष्ट प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये एसटीतले एकमेकांना अनोळखी प्रवासी म्हशीला धक्का लागताच एका बाजूला होतात आणि गावकरी दुसऱ्या. तिथे सगळं हसण्यावारी जातं. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये वेळ घालवायला सुरू केलेला खेळ एका बाईवर टोळीने तुटून पडण्यात संपतो. लोकलच्या ग्रुपमधली मस्करी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चाललेली असते. ती कुठल्या बाजूला झुकेल, हे बोरिवलीला उतरू पाहणाऱ्या एकट्या माणसाला आधी कळत नाही.

पण 'आपण' ही भावनाच गर्दी सुसह्यही करते. जॉन ड्रुरी आणि हानी अलनाबुल्सी यांनी हजयात्रेतल्या 1,194 यात्रेकरूंची पाहणी 2014 साली प्रसिद्ध केली. सर्वसाधारणपणे दाटी वाढली तशी सुरक्षिततेची भावना कमी झाली. पण ज्यांना आपण या समुदायाचे आहोत असं मनापासून वाटत होतं, त्यांच्यात मात्र दाटी वाढली तशी ती भावना वाढली. त्याच विरार लोकलमध्ये, त्याच दाटीत, टाळ वाजवत अभंग म्हणणारी भजनी मंडळं असतात. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागतात. त्या डब्यातही कोपर लागतंच, पण तिथे ते लागतं, मारलं जात नाही.

भांडण झालंच, तर त्याची किंमत शरीर देतं. राग आला की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात धावतं, रक्तवाहिन्या आवळतात. अमेरिकेत 280 निरोगी प्रौढांवर झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, फक्त आठ मिनिटं रागाचा प्रसंग आठवल्यावर रक्तवाहिन्या सैल होण्याची क्षमता घटली आणि हा परिणाम 40 मिनिटांपर्यंत टिकला. म्हणजे विरारला भांडलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या बोरिवली मागे पडलं तरी पूर्ववत झालेल्या नसतील. रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका काही पटींनी वाढतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून 2014 साली दाखवण्यात आलं. तरुण, निरोगी माणसासाठी ही वाढ धरूनही धोका लहानच राहतो. रक्तदाब, मधुमेह किंवा आधीचा हृदयविकार असलेल्या पन्नाशीच्या माणसाने मात्र हा आकडा मनावर घ्यावा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, अशी लक्षणं भांडणानंतर दिसली तर 'रागामुळे असेल' म्हणून कार्यालय गाठू नये. पुढच्या स्थानकावर उतरून मदत मागावी.

दारातलं भांडण तर वेगळंच. तिथे हृदयाचा नंबर नंतर लागतो. 2023 साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यातली बरीच रूळ ओलांडताना गेली, पण चालत्या गाडीतून पडून गेलेलीही शेकड्यांनी होती. पाळीगणिक 38 टक्क्यांनी वाढणारा धक्का भाईंदरच्या खाडीपुलावर, उघड्या दारात दिला-घेतला जातो, तेव्हा तिसऱ्या पाळीची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

"राग बाहेर काढून टाकलेला बरा, आत ठेवला तर त्रास होतो," हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली 600 विद्यार्थ्यांवर याची परीक्षा घेतली. आधी त्यांना चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. त्यांचा राग उतरला नाही, चढला. काहीच न करता नुसते बसलेले त्यांच्यापेक्षा शांत निघाले. बुशमन आणि सोफी क्यारविक यांनी 2024 साली 154 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही हेच दिसलं: शरीराची धग कमी करणारं काहीही, म्हणजे संथ श्वास, ध्यान, योगासनं, स्नायू सैल सोडणं, राग उतरवतं. धग वाढवणारं काही उपयोगी पडत नाही. राग घालवायला पळायला गेलेल्यांचा राग तर वाढूही शकतो. उभ्याने, हात वर धरून प्रवास करणाऱ्याला योगासनं शक्य नाहीत, पण श्वास बाहेर सोडताना तो आत घेण्यापेक्षा लांब ठेवणं एका पायावर उभं राहूनही जमतं. डब्यात झालेलं भांडण कार्यालयात पाच जणांना रंगवून सांगणं हेही ठोशांच्या पिशवीसारखंच. दरवेळी सांगताना शरीर पुन्हा तेवढंच तापतं.

आजकाल हे रंगवून सांगण्याचं काम मोबाइल करतो. विरार लोकलमधल्या मारामारीची चित्रफीत दुपारपर्यंत राज्यभर फिरते आणि वसई-विरारची माणसं भांडकुदळ, हा शिक्का आणखी गडद होतो. जे सहज आठवतं ते वारंवार घडतं असं आपल्याला वाटतं, हे डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी 1973 मध्येच दाखवलं होतं. शांतपणे पार पडलेल्या फेऱ्यांची चित्रफीत कोणी काढत नाही. चित्रफितीच्या चौकटीत आणखी एक गोष्ट सहसा नीट दिसत नाही: मध्ये पडणारा माणूस. अ‍ॅमस्टरडॅम, केपटाऊन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर या शहरांतल्या रस्त्यावरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण रिचर्ड फिल्पॉट आणि सहकाऱ्यांनी तपासलं. दहापैकी नऊ भांडणांत निदान एक तरी माणूस सोडवायला पुढे आला होता. बघ्यांची संख्या जास्त, तर कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त निघाली. बघे नुसते बघतात, या समजाला हा चांगलाच छेद आहे.

रुळांवरची कामं सुरू आहेत. विरार ते डहाणू चौपदरीकरण आणि बोरिवली ते विरार पाचवी-सहावी मार्गिका हे दोन्ही प्रकल्प मंजूर होऊन काही वर्षं झाली. गाड्या वाढल्या की भांडणांचं एक कारण कमी होईल. तोवर प्रवाशांनी स्वतःच काही व्यवस्था बसवल्या आहेत आणि त्यातली सगळ्यात पक्की बायकांच्या डब्यात आहे. इथेही मारामाऱ्या होतात, केस ओढले जातात. तो डबा काही देवघर नाही. पण जागेसाठी जो तंटा पुरुषांच्या डब्यात खांद्याने सुटतो, तो इथे बहुधा एका प्रश्नाने सुटतो. 1993 पासून विरारपर्यंत धावणाऱ्या लेडीज स्पेशलमध्येही तीच रीत. अंधेरीला चढलेली बाई बसलेल्या प्रत्येकीला विचारत पुढे सरकते.

"कुठे उतरणार?"

"विरार."

"तुम्ही?"

"भाईंदर. पण त्या निळ्या ड्रेसवाल्या ताईंनी सांगून ठेवलंय."

मग ती भाईंदरवालीला सोडून मीरा रोडवालीकडे वळते, तिची जागा आपल्या नावावर करते आणि निर्धास्त उभी राहते. या क्षणापासून तिला जागा कधी मिळणार हे माहीत असतं, आणि मधल्या काळात कोणी बसू लागलं तर आजूबाजूच्या चौघी साक्षीला असतात. दोघींनी एकाच सीटवर हक्क सांगितला, तर खिडकीजवळच्या कोणी मावशी निवाडा करतात: "ती आधी बोलली होती गं. नायगावला मी उठते, तू इथे बस." मावशींना खरं तर वसईला उतरायचं असतं. एक स्थानक त्या दाराशी उभ्या राहतात.